टोचन

शनिवारी पहाटे पाचला चरोद्याच्या रेल्वे कॉलनीतून निघायचं, असं दिपालीनं तिघांनाही बजावून ठेवलं होतं. पावणेपाचला ती जीपला टेकून उभी होती. साडेसहाला पीयूषचा फोन आला, गाडी धुऊन राहिलो म्हणून. आठला कळलं की त्याच्या बायकोचं, नीतूचं, इडलीचं पीठ फुगलंच नाही. त्याची नवीकोरी काळी गाडी कॉलनीच्या गेटशी थांबली तेव्हा दहा वाजून गेले होते. मागच्या सीटवर अतुल तोंड उघडं टाकून झोपला होता.

"जंगल कुठं पळून चाललं का," पीयूष काच खाली करून म्हणाला. "टेन्शन मत ले यार."

दिपालीनं जीप सुरू केली. ती मार्शलिंग यार्डात मालगाड्यांचे ब्रेक तपासायची. एका डब्याला उशीर झाला की मागं किती गाड्या अडतात हे तिला रोज दिसायचं. पण पीयूष आणि अतुल भिलाई-तीनच्या शाळेपासूनचे मित्र होते, आणि ही सहल तर तिच्याच डोक्यातून निघाली होती. भंगारात निघालेली जीप घेऊन सहा महिने रविवार-रविवार तिनं ती खोलली, घासली, जोडली. चारही चाकं ओढणारी जीप आपल्या हातानं उभी करायची आणि पहिल्यांदा न्यायची ती जंगलातच, एवढंच तिनं ठरवलं होतं. साल्हेवाऱ्याकडच्या टेकडीवर एक सपाट माळ होता. तिथं तंबू ठोकायची परवानगी तिनं दोन खेटे घालून काढली होती. कागदावर स्पष्ट लिहिलं होतं, नाक्यातून दुपारी तीनच्या आत प्रवेश.

धमध्यात समोशांसाठी अर्धा तास गेला. गंडईच्या अलीकडं तलाव दिसला तर पीयूषनं ड्रोन काढला, आणि तो बाभळीत अडकला. अतुल कोचिंगमध्ये गणित शिकवायचा. फांदी किती उंच आहे याचा त्यानं हिशोब मांडला आणि काठी काही शोधली नाही. शेवटी दिपालीच जीपच्या टपावर चढली. हाताला काटे लागले, त्यावर नीतूनं मायेनं हळद लावली आणि म्हणाली, "दीदी, तुम्ही हसूनच नाही राहिल्या आज."

"हसीन ना," दिपाली म्हणाली. "नाका पार झाला की हसीन."

नाका आला तेव्हा चार वाजून दहा मिनिटं झाली होती. वनरक्षक पोक्त माणूस होता. कागद त्यानं नीट वाचला, घड्याळाकडं पाहिलं आणि वाईट वाटल्यासारखी मान हलवली. आता आत सोडता येणार नाही, पण नाक्याच्या आवारात तंबू लावा, हातपंप आहे, पहाटे सहाला गेट उघडतो, असं तो हिंदीत म्हणाला. दिपालीला ते पटलं. ती हो म्हणणार तोच पीयूष पुढं झाला आणि रायपूरला आपले मामा केवढे मोठे अधिकारी आहेत ते सांगायला लागला.

"तो मामाजी से कहिए, तीन बजे के पहले आया करें," वनरक्षक म्हणाला आणि कागद घडी करून परत देऊन आत गेला.

"नाक्यावर झोपाले आलो का एवढ्या दूर?" पीयूषनं मोबाइल दिपालीच्या तोंडासमोर धरला. "हे पाय. गावातून एक वाट जाते, नाला ओलांडला की टेकडीची मागची बाजू. हद्दीच्या बाहेरून."

"त्या नाल्यात वाळू असते. मोबाइल वाळू दाखवत नाही."

"माझ्या गाडीले वाळूचं काय?"

"तुले चालवता येते का वाळूत?"

अतुल म्हणाला, भांडू नका, जाऊन तर पाहू. नीतू गाडीत बसलेलीच होती. काळी गाडी धूळ उडवत वळली. नाक्यावर एकटीनंच राहावं असं दिपालीला वाटून गेलं. पण ओढायचा दोर जीपमध्ये होता, फावडं जीपमध्ये होतं, पाण्याचे दोन्ही कॅन जीपमध्ये होते. ती मागोमाग गेली, आणि आपण मागोमाग जातोय याचाच तिला राग येत राहिला.

नाला पन्नास पावलं रुंद, मध्ये पाण्याची बारीक धार, बाकी सगळी पांढरी वाळू. दिपालीनं काठावर जीप थांबवली, हॉर्न वाजवला, हात केला. पीयूष तसाच उतरला. धारेच्या अलीकडं गाडीचा वेग कमी झाला, मग मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली.

"रेस देऊ नको," ती पळत जाऊन म्हणाली. "बंद कर. चाकातली हवा कमी करू, समोरची वाळू काढू, आरामात निघते."

"निघते, निघते," म्हणत त्यानं आणखी दाबलं. वाळूचा फवारा तिच्या अंगभर उडाला. पाच मिनिटांत गाडी पोटावर बसली. तेव्हा कुठं तो उतरला, खाली वाकून पाहिलं आणि म्हणाला, "तू ओढ ना आता. दोर हाय ना तुह्याजवळ."

खरं तर आधी खणायला हवं होतं. पोटावर बसलेली गाडी तशी ओढत नाहीत, हे तिच्याइतकं तिथं कुणालाच ठाऊक नव्हतं. पण सकाळी पावणेपाचपासूनचं सगळं तिच्या डोक्यात गेलं होतं. तिनं जीप वाळूत आणली, दोर बांधला, गिअर टाकला आणि क्लच अर्धवट धरून रेस दिली. जीप थरथरली, काळी गाडी वीतभर हलली आणि पुन्हा बसली. तिनं पुन्हा ओढलं. तिसऱ्यांदा ओढताना जळका वास आला. तो वास कशाचा हे तिला लगेच कळलं. तिथंच रेसवरचा पाय उचलायचा होता. तिनं उचलला नाही. आरशात पीयूष हातवारे करत होता, अजून, अजून, आणि ती दात आवळून दाबत राहिली. मग बॉनेटखालून धूर आला. इंजिन ओरडत होतं आणि जीप जागची हलत नव्हती.

तिनं इंजिन बंद केलं. क्लच प्लेट संपली होती. ती तिनं दिवाळीच्या रविवारी स्वतःच्या हातानं बसवली होती.

"काय झालं?" अतुलनं विचारलं.

"जळाली."

"अशी कशी जळाली?" पीयूष म्हणाला. "नीट नसन बसवली."

दिपालीनं फावडं उचललं तेव्हा नीतू घाबरून मध्ये आली. पण दिपाली काळ्या गाडीजवळ जाऊन बसली आणि चाकापुढची वाळू उपसायला लागली. कुणाचं ऐकेना. खणलेली वाळू पुन्हा आत घसरत होती, तरी ती खणत होती.

ऊन उतरायच्या वेळी सायकलवरून एक बाई आली. गावची मितानीन होती, घरोघर औषधं पोचवणारी. नाव सत्यभामा. तिनं दोन्ही गाड्या पाहिल्या, वाळूवर अर्धवट उभा केलेला तंबू पाहिला.

"इहाँ झन सुतव," ती छत्तीसगढीत म्हणाली, इथं झोपू नका. "भालू आथे पानी पिये बर." तिनं हातानंच धारेकाठचे अस्वलाचे ठसे दाखवले. गावात एकच ट्रॅक्टर होता, तो वरातीला गेलेला, सकाळी येणार होता. तोवर अंगणवाडीच्या ओसरीत चला, असं ती म्हणाली.

अंगणवाडीच्या भिंतीवर फळांची चित्रं होती. त्या चित्रांखाली चौघं ओळीनं बसले. सत्यभामानं भात आणि लाल भाजी आणून दिली. अतुलनं आपली चटई दिपालीला दिली. ती तिनं घेतली आणि ओसरीच्या दुसऱ्या टोकाला नेऊन टाकली. टेकडी तिथूनही दिसत होती, काळी पडत चाललेली. माळ तिच्या पलीकडं होता.

सकाळी ट्रॅक्टरवाल्यानं आधी खणायला लावलं, मग चाकांखाली फळ्या टाकल्या, आणि दहा मिनिटांत दोन्ही गाड्या बाहेर. त्यानं दिपालीच्या जीपखाली डोकावून पाहिलं आणि नुसतं "च्च" केलं.

आता जीप घरी न्यायची तर टोचन लावूनच, म्हणजे पीयूषच्या गाडीमागं दोरानं बांधून. शंभरेक किलोमीटर. दिपाली पीयूषसमोर उभी राहिली.

"तीसच्या वर जायचं नाही. ब्रेक तू मारायचा नाही, मी मारणार. दोर ताठ ठेवणं माह्याकडं. वळणाच्या आधी हात दाखवायचा. मी हॉर्न देल्ला की थांबायचं, कावून ते विचारायचं नाही."

"बरं," पीयूष म्हणाला.

तो तसाच चालवत गेला. गंडई गेलं, धमधा गेला, ट्रक हॉर्न मारत बाजूनं निघून गेले, पण काटा तीसच्या वर गेला नाही. दिपालीचा पाय ब्रेकवर आणि डोळे दोरावर. दोर जरा ढिला पडला की ती हलकेच ब्रेक लावायची. दुपारपर्यंत पोटरीला गोळे आले. जो माणूस काल एक शब्द ऐकत नव्हता तो आज तिच्या हॉर्नवर थांबत होता, आणि तरी तिचं समाधान होत नव्हतं. काल ऐकलं असतं तर, हेच डोक्यात फिरत होतं.

दुर्गच्या अलीकडं तिनं हॉर्न दिला. रसवंतीच्या सावलीत सगळे उतरले. पीयूष दोन ग्लास घेऊन आला आणि एक तिच्यापुढं धरला.

"माह्यामुळं जळाली तुही क्लच," तो खाली पाहत म्हणाला. "मी तिथं नीट नसन बसवली म्हणलो, ते चुकलंच."

दिपालीनं ग्लास घेतला. हेच ऐकायला ती कालपासून टपून बसली होती. ऐकल्यावर काय काय सुनावायचं तेही ठरवलेलं होतं. पण निघालं ते दुसरंच.

"वास आल्ता मले," ती म्हणाली. "पहिल्यांदा वास आला तेव्हाच कळलं होतं. तरी मी पाय नाही उचलला."

"कावून?"

"तुह्यावर राग होता म्हणून."

पीयूषनं जीपकडं पाहिलं. नीतू दूर उभी राहून रस पीत होती. अतुल जीपच्या चाकाशी बसून दोराची गाठ तपासत होता, आणि पहिल्यांदाच न सांगता तपासत होता.

"अजून राग हाय?" पीयूषनं विचारलं.

"हाय," ती म्हणाली. "गाडी काढ. संध्याकाळी चारला मले ड्यूटी हाय."

रस अर्धाच पिऊन तिनं ग्लास बाकावर ठेवला आणि जीपमध्ये चढली. पीयूषनं काचेतून हात बाहेर काढून दाखवला, गाडी हळूच पुढं घेतली. दोर ताठ झाला. तिनं ब्रेकवरचा पाय उचलला.