दुहेरी जाळी

बा सकाळपासून सातव्यांदा दारापर्यंत जाऊन परत आला. दार उघडायचं, जिन्याकडं बघायचं, नाक वर करून हवा हुंगायची, आणि प्रमिलानं वहीतून मान वर काढली की दार लावून घ्यायचं. प्रमिलाला आज सुट्टी होती. खोली दहा बाय बाराची. येरझाऱ्या घालायलाही ती पुरत नव्हती.

"दार लाव बा, धूर येतो."

"लावलं."

"आणि बस जरा."

"बसून बसून कंबर मेली माझी."

जव्हारच्या डेपोमागं, दुसऱ्या मजल्यावर प्रमिलाचं बिऱ्हाड होतं. चौदा वर्षं ती इथल्या शाळेत मराठी शिकवत होती. माघात आय गेली, छातीनं गेली, आणि महिना उलटायच्या आत प्रमिलानं बाला खोडाळ्याजवळच्या पाड्यावरून उचलून इथं आणलं. डॉक्टरांनी त्याचीही छाती ऐकली होती. या उन्हाळ्यात तरी धुरापासून लांब ठेवा, म्हणाले होते. दिवाळीत आयबद्दल ते हेच म्हणाले होते. तेव्हा प्रमिलानं पेपर तपासून झाले की आणते म्हटलं होतं. पेपर तपासून झाले, मग स्नेहसंमेलन आलं, मग आय दवाखान्यात गेली.

या वेळी तिनं आठवडासुद्धा जाऊ दिला नाही. कर्ज काढलं, एसी बसवला. थंडाव्यासाठी नव्हे, खिडक्या बंद ठेवता याव्यात म्हणून. चैत्र लागला की जव्हारच्या चारी अंगांनी डोंगरउतारांवर राब भाजतात. नागलीचं, म्हणजे नाचणीचं, आणि भाताचं रोप जिथं टाकायचं तिथं शेण, पाला, गवत आणि वर माती असे थर घालून ते सावकाश जाळायचे. दुपारी धूर उठतो, तो दिवे लागेपर्यंत गावावर तरंगत राहतो. खिडक्यांच्या फटींना प्रमिलानं पांढरी चिकटपट्टी लावली होती. रोज शाळेतून आली की ती आधी पट्ट्यांवरून बोट फिरवायची.

बसवतानाच कळलं होतं की एसीची जाळी म्हणजे नुसती धूळ अडवणारी चाळण. धुराचे कण तिच्यातून आरामात जातात. मग प्रमिला रोज फोन घेऊन बसू लागली. कुठली जाळी किती बारीक, कुठल्या कापडाला कितवा आकडा, कोण काय लिहितं. आकडा मोठा तेवढं कापड बारीक, एवढं तिला उमगलं. तिनं सगळ्यात मोठ्या आकड्याचं मागवलं, एसीच्या मापानं कापलं आणि जाळीला चिकटवलं. दोन दिवसांनी कापड जरासं करडं दिसलं. ते पाहून तिला कितीतरी दिवसांनी बरं वाटलं. म्हणून तिनं त्यावर आणखी एक थर लावला.

त्यानंतर बाला खोलीत गुदमरायला होऊ लागलं. प्रमिलाला वाटलं, धूर अजून कुठून तरी येतोय. तिनं दाराखाली चादर सारली.

फोन वाजला. बाची धाकटी बहीण सकू. तिचा आवाज स्पीकरवर घ्यायची गरज नसायची.

"काय रे दादा, फ्रीजमधी ठेवलाय पोरीनं तुला?"

"ठेवलाय."

"मग टिकशील चांगला. ऐक, आमचा राब भाजून झाला. शेजारच्या जिवाचा झाला. तुझाच तेवढा ढीग तसाच पडलाय, गुरं पाय देतात त्याच्यात. मी भाजू का?"

"नको. मी येतो."

"बा," प्रमिला म्हणाली.

"पमे, तू नको मधी बोलूस. त्याला पाठव नायतर मला काडी लावू दे. वळवाचा एक शिंतोडा आला ना, तर सगळा भिजंल. मग बसा नागलीबिगर."

"आत्या, तुम्हीच भाजा. बा येणार नाही."

"मी येतो," बा पुन्हा म्हणाला, आणि फोन ठेवून आठव्यांदा दाराकडं गेला. दारापर्यंत पोचला नाही. मधेच खाटेचा कठडा धरून वाकला. खोकला नव्हता. नुसतं तोंड उघडं होतं आणि खांदे वरखाली होत होते. त्याच वेळी एसीतून पाण्याची धार भिंतीवरून खाली आली.

प्रमिलानं दार उघडलं, बाला जिन्याच्या पायरीवर बसवलं आणि मंगेशला फोन लावला.

मंगेश मोखाड्याचा. ठाण्यात सहा वर्षं एसीवाल्यांकडं काम करून परत आला होता आणि जव्हार, मोखाडा मिळून जे काही थोडेफार एसी होते त्यांच्यावर पोट भरत होता. त्याची बहीण प्रमिलाच्या वर्गात शिकलेली, म्हणून तो तिला बाई म्हणायचा.

"बाई, खरं सांगू? लोक मुंबईहून जव्हारात हवा खायला येतात," स्टुलावर चढता चढता तो म्हणाला, "आणि तुम्ही ती बाहेर ठेवायला एसी लावला."

त्यानं पुढचं झाकण उघडलं, आत बघितलं, मग तिला बोलावलं. जाळीमागं तांब्याच्या नळ्या आणि पत्रे असतात ते दिसतच नव्हते. पांढराशुभ्र बर्फ जमला होता, बोटभर जाड.

"गॅस गेला का?"

"गॅस बराबर आहे. हे कुणी लावलं?" त्यानं तिचं दुहेरी कापड चिमटीत धरून ओढलं. चिकटपट्टी कुरकुरत निघाली.

"मी. धुरासाठी."

"अहो, याचा पंखा केवढा? एवढुसा. तो या कापडातून हवा ओढणार कशी? हवा मिळंना म्हणून आत बर्फ झाला. बर्फ झाला म्हणून आणखी हवा मिळंना. आणि खिडक्यांना ही पट्टी. एसी बाहेरची हवा आत घेत नाय, बाई. आतलीच फिरवतो. बाबा जो श्वास सोडतात तोच परत घेत होते. तुमचा पण."

जिन्यातून बाचा आवाज आला. "मी म्हटलं होतं."

"तू काय म्हटलं होतंस?" प्रमिलानं विचारलं.

"गोठ्यासारखं वाटतं म्हटलं होतं."

म्हटलं होतं खरं. तिला ते थट्टेसारखं वाटलं होतं. ती हातातलं कापड उलटसुलट करत उभी राहिली. तिनं रात्रंदिवस वाचून निवडलेलं कापड. तिला ते फेकावंसं वाटलं, पण कुठं फेकावं हे सुचेना.

मंगेशनं खाली बादली ठेवली, नुसता पंखा चालू केला आणि बर्फ वितळायची वाट बघत पट्ट्या सोलायला लागला. सोलता सोलता सांगत होता. जाळी पंधरा दिवसांनी काढायची, धुराच्या दिवसांत आठवड्यानी. नळाखाली मागच्या बाजूनं पाणी सोडायचं, पुढून सोडलं तर घाण आणखी आत बसते. घासायची नाय. सावलीत वाळवायची, उन्हात वाकडी होते. धुरासाठी वेगळं मशीन मिळतं, ते खोलीच्या मापाचं घ्यायचं. त्याचा फिल्टर कागदासारखा, तो धुवायचा नसतो, काळा झाला की बदलायचा.

"आणि बसवताना त्याची प्लास्टिकची पिशवी काढा. एका सरांनी सहा महिने पिशवीसकट चालवलं. हवा एकदम फ्रेश येते म्हणायचे."

बा हसला. हसताना खोकला आला, पण हसला.

"खिडकी कधी उघडायची मग?" प्रमिलानं विचारलं.

मंगेशनं खांदे उडवले. "ते मला काय माहीत? धूर नसंल तेव्हा."

"सकाळी," बा म्हणाला. तो उंबऱ्यात येऊन उभा होता. "सकाळी दव असतं, राब धरत नाय. ऊन चढल्यावर पेटवतात. दहापर्यंत उघडी ठेव, मग लाव. वारा मावळतीचा असला तर डेपोकडची उघडी राहिली तरी चालंल, धूर दुसरीकडं जातो." तेवीस दिवस तो या खोलीत होता आणि तिनं त्याला हे विचारलंच नव्हतं.

मंगेश गेला. आता एसीतून हवा सरळ तोंडावर येत होती. बा खाटेवर बसला, पण टेकला नाही.

"उद्या शनिवार," तो म्हणाला. "सातची गाडी आहे."

"बा, डॉक्टरांनी सांगितलंय. आत्या भाजते म्हणते ना? तुझा एवढा काय हट्ट?"

त्यानं गुडघा चोळला.

"तुला राब पेटवतात कसा, माहीत आहे?"

"पाहिलाय की."

"लांबून. तू शाळेत, वसतिगृहात. वारा येतो त्या बाजूनं पेटवला तर वरचं गवत भुर्रकन जातं, जमीन कच्ची राहते. म्हणून वारा जातो त्या टोकाला पेटवायचा. म्हणजे आग वाऱ्याच्या उलट सरकते. हळू. चांगली भाजते." त्यानं हातानं खाटेवर दाखवलं, चादरीच्या कडेनं बोट फिरवत. "आता पेटवणारा कुठं उभा? इथं, खाली. धूर कुठं येतो? इथंच. आणि पेटवून पळायचं नाय, आग रानात जायला नको म्हणून डहाळा घेऊन तिथंच राहायचं."

"हो."

"मी दिवाळीनंतर वीटभट्टीवर जायचो. मिरगाला परत यायचो. तवा तुझ्या आयनं राब भाजलेला असायचा." त्यानं बोट चादरीवरून उचललं. "अठ्ठावीस वर्षं. मला एक डाव भाजायचा आहे."

प्रमिलाला पुष्कळ बोलता आलं असतं. तुझी छातीही भट्टीनंच गेली, तू मजा करायला गेला नव्हतास, आता उभं राहून आय परत येणार नाही. तिनं फोन उचलला आणि सकूला सांगितलं, बा येतोय, पण काडी तुम्ही लावा. त्याला वारा येतो त्या बाजूला बसवा. आणि बाला म्हणाली, "संध्याकाळच्या गाडीनं परत यायचं."

"येतो."

"तोंडाला फडकं."

"हो गं."

शनिवारी सकाळची शाळा. कविता शिकवताना ती एकच कडवं दोनदा वाचून गेली, आणि मुलांनी सांगितल्यावर तिसऱ्यांदा वाचलं. बाराला घरी आली. खिडकी लावली. एसी चालू केला, बंद केला. जाळी काढून नळाखाली मागच्या बाजूनं पाणी सोडलं, करडं पाणी वाहून गेलं, जाळी सावलीत उभी केली. दहा मिनिटांनी वाळली का पाहिली. वाळली नव्हती. तिनं सकूला फोन लावला, लागला नाही. पाड्यावर रेंज टेकाडावर चढल्याशिवाय येत नाही हे तिला माहीत होतं, तरी तिनं सहा वेळा लावला. तीनला पूर्वेच्या डोंगरावर धूर दिसला. तो खोडाळ्याचा असणं शक्य नव्हतं. तरी ती खिडकीशी उभी राहिली.

पाचच्या सुमारास तिनं जाळी बसवली. सहाला ती डेपोत गेली. मोखाड्याची गाडी आली, रिकामी झाली, बा उतरला नाही. तिनं कंडक्टरला विचारलं, त्यानं मान हलवली. ती फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहिली. बोलायची वाक्यं तिच्याकडं तयार होती, चारपासून तयार होती.

पाऊण तासानं एक जीप रस्त्यातच थांबली आणि मागून बा उतरला. हळू उतरला. पाच पावलं लांबूनच त्याचा वास आला. सदरा काळा, भुवयांवर राख, डोळे लाल.

"गाडी चुकली," तो म्हणाला. बाकी खोकला.

ती त्याला डेपोच्या बाकावर घेऊन बसली. पाणी दिलं. श्वास जागेवर यायला बराच वेळ लागला. ती त्याच्या पाठीवर हात ठेवून होती आणि हाताखाली फासळ्या मोजता येत होत्या.

"तूच पेटवलास."

"सकू लावत होती. मीच नको म्हटलं."

तिनं पाण्याची बाटली पुन्हा त्याच्या हातात दिली.

"तुझी आय दम धरून जायची," बा म्हणाला. "खालच्या बांधानं पेटती चूड घेऊन, तोंड मिटून, इकडून तिकडं. मग वर वाऱ्यात येऊन श्वास घ्यायची. मला सांगायची. मी हसायचो. म्हणायचो, राब पेटवायला काय बुडी मारायची असते का." तो थांबला. "मला नऊ पावलं झाली."

"बांध केवढा आहे?"

"वीस."

गाड्या येत होत्या, जात होत्या. कुणीतरी वाड्याला जाणाऱ्या गाडीची चौकशी करून गेलं. प्रमिलानं तयार ठेवलेलं एकही वाक्य काढलं नाही.

"मग पुढचं कोणी पेटवलं?"

"कोणीच नाय. निम्म्यावर माती टाकली. सकू शिव्या देत होती. निम्मा भाजला, निम्मा तसाच आहे."

"तसाच म्हणजे? तिथं रोप येणार नाही?"

"येईल. पातळ येईल. तण फार माजतं न भाजलेल्या जागेत, बाकी काय नाय." त्यानं तोंड पुसलं. फडकं काळं झालं. "तण काढायला माणूस लागतं. तुझी आयच काढायची."

"ज्येष्ठात ना?"

"ज्येष्ठात."

"मी येते. रविवारी येईन. दर रविवारी."

बानं तिच्याकडं पाहिलं. तिच्या नखांत अजून खडू होता.

"चिखलात बसून काढावं लागतं. खुर्ची नसते."

"माहीत आहे."

"रोप कुठलं आणि तण कुठलं, ओळखशील?"

"नाही," प्रमिला म्हणाली. "तू वर बसून सांग."

तो पुन्हा खोकला, या वेळी थोडा कमी. मग बाकाला हात टेकून उठला आणि म्हणाला, आधी अंघोळीला पाणी ठेव, या कपड्यानं मी तुझ्या खोलीत येत नाय.