तीस दिवसांची रेघ

बंगल्यात तिला सगळे मीटरबाई म्हणायचे. तोंडावर नाही, पण पाठ फिरायच्या आतच. हवेतला दमटपणा मोजायचं मीटर हातात घेऊन ती दिवसातून चार वेळा वरच्या मजल्यापासून तळघरापर्यंत फिरायची आणि आकडे वहीत लिहायची. एवढ्या वर्षांत तो आकडा किती आला, असं तिला कोणी एकदाही विचारलं नव्हतं.

ज्याने हा बंगला ऐन समुद्रकाठी बांधला, त्यालाच जुनी वाद्यं जमवायचा नाद होता, आणि हे दोन छंद एकाच माणसाला असावेत हेच तिच्या मते सगळ्या दुखण्याचं मूळ होतं. समुद्र हवेत पाणी सोडतो. लाकूड ते पितं, फुगतं, मग सुकतं, आणि असं करता करता एक दिवस तडकतं. संग्रहात दोनशे सात वाद्यं होती, त्यांतली एकशे तीस लाकडाची. सगळ्यांत नाजूक होतं ते पियानोच्याही आधीच्या काळातलं एक पेटीसारखं वाद्य. त्याची पट्टी दाबली की पिसाचं टोक तार छेडायचं. तारांखालच्या पातळ फळीला एक बारीक तडा होता. मागच्या वर्षी तो एक पूर्णांक दोन मिलिमीटर रुंद होता, यंदा दीड.

अशात वारसा समितीचं पत्र आलं. पुढच्या नव्वद दिवसांत केव्हाही सलग तीस दिवस वाद्यांच्या दालनातला दमटपणा पन्नास ते साठ टक्क्यांच्या मधे राखून दाखवा. मधे मोडलं तर पुन्हा एकपासून मोजायचं. जमलं नाही तर लाकडी वाद्यं समितीच्या मोठ्या भांडारात हलवण्यात येतील. भांडार समुद्रापासून दूर होतं, ट्रकने सात तास. त्या पेटीची फळी सात तासांचे धक्के सोसणार नाही, तड्याची फट होईल आणि फटीचे दोन तुकडे, याबद्दल तिला शंका नव्हती. संचालकांनी पत्र वाचून, तुम्ही आहात ना, मग काय, असं म्हटलं आणि ते तिच्याकडे सरकवलं.

ती डोळ्यांत तेल घालून कामाला लागली. खिडक्यांच्या फटींत नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, पट्ट्या ठोकल्या, धूळ उडवतो म्हणून पंखा काढायला लावला, हवेतलं पाणी ओढून घेणारं यंत्र कोपऱ्यात बसवलं. मधोमध नोंदयंत्र ठेवलं. त्याच्या फिरत्या नळकांड्यावर आखलेला कागद असायचा आणि त्यावर शाईची बारीक टोकाची लेखणी दिवसरात्र दमटपणाची रेघ ओढत राहायची.

रेघ चौथ्या दिवशी मोडली. मग सहाव्या, मग पुन्हा चौथ्या. दरवेळी दुपारी सव्वाचारच्या सुमाराला रेघेला टेंगूळ यायचं, सदुसष्ट-अडुसष्ट टक्क्यांचं, आणि पाचपर्यंत ते बसायचं. टेंगूळ एवढं नेमकं येत होतं की तिला त्याचा आदरच वाटायला लागला होता. पण मोजणी मात्र पुन्हा एकपासून.

पहिला संशय सफाईवाल्या मावशींच्या ओल्या फडक्यावर आला. तिने त्यांना कोरडं फडकं दिलं. मावशींनी ते दोन बोटांत धरून पाहिलं आणि म्हणाल्या, "म्हणजे आता मी धुळीला नुसतं रागावून बघायचं. गेली तर गेली." तरी टेंगूळ आलंच. मग तिने यंत्राची नळी बदलली. दाराच्या बिजागऱ्या तपासल्या. भरतीच्या वेळा टेंगळाशी जुळतात का ते पाहिलं, जुळल्या नाहीत. चाळीस दिवस संपले तेव्हा तिच्या खाती सहा दिवसांपेक्षा मोठी रेघ नव्हती. एकेचाळिसाव्या दिवशी ती तीन वाजताच दालनात गेली आणि तिथल्या हार्प नावाच्या उंच तारवाद्यामागे स्टूल टाकून बसली.

दालनाचा पहारेकरी तिचा सख्खा मामा होता. एकोणतीस वर्षं तो त्या दालनात बसत होता. बायको गेल्यापासून राहायलाही तो त्यांच्याच घरी, तिच्या आईकडे होता. नोकरीच्या जागी ती त्याला अहो म्हणायची, घरी अरे. चार वाजून दहा मिनिटांनी, दालनात कोणी पाहुणा नाही असं बघून मामा उठला, समुद्राकडच्या खिडकीची नमद्याची पट्टी हळूच सोडवली, खिडकी वीतभर उघडली आणि त्या फटीला नाक लावून उभा राहिला.

ती हार्पमागून बाहेर आली. चाळीस दिवस तिने ज्याच्यासोबत रोज रात्री ताटाला ताट लावून जेवण केलं होतं, ज्याच्यापुढे या टेंगळाची रडगाणी गायली होती, आणि ज्याने मान हलवून अरेरे म्हटलं होतं, तो हाच मामा होता.

"मला सांगितलं का नाहीस?" अहो-जाहो विसरून तिने विचारलं.

"काय सांगू? तू पंखा काढलास, खिडक्या ठोकल्यास. त्या वाद्यांना श्वास घ्यावा लागत नाही गं. मला लागतो."

त्या दालनातलं तिने सगळं मोजलं होतं, भिंतीची ओल, काचेचं तापमान, लाकडाच्या पोटातला ओलावा. आठ तास आत बसणारा साठीला टेकलेला माणूस मात्र तिच्या एकाही तक्त्यात नव्हता. चूक तिची होती. याची तिला लाज वाटली आणि त्याचा रागही आला; दोन्ही एकदम येतात तेव्हा माणूस कोणाशीच धड बोलत नाही, तशी ती त्या संध्याकाळी कोणाशी धड बोलली नाही.

उपाय साधा होता. मामाने दाराबाहेर, व्हरांड्यात बसायचं आणि दाराच्या काचेतून आत लक्ष ठेवायचं. पण विम्याच्या कागदात पहारेकरी दालनाच्या आतच असावा असं लिहिलं होतं. तिने विमा कंपनीला विचारलं, त्यांनी संचालकांची सही मागितली. संचालक म्हणाले, बघू. दुसऱ्या दिवशीही बघू म्हणाले. असं अकरा दिवस बघून झाल्यावर त्यांनी सही केली, आणि पेन बंद करता करता विचारलं की एवढ्याशा गोष्टीला इतका उशीर का झाला.

आता एकोणचाळीस दिवस उरले होते. खुर्ची बाहेर गेली आणि रेघ सरळ झाली. पाच दिवस, दहा, पंधरा. विसाव्या दिवसापासून तिचा जीव टांगणीला लागला. सकाळी दालनात शिरताना ती आधी कागदाकडे बघायचीच नाही, पेटीच्या तड्याकडे बघायची. तडा दीडवरच थांबला होता.

चोविसाव्या दिवशी आईचे डोळे तपासायचे होते म्हणून तिने अर्धी रजा घेतली. तीन वाजता परतली तर दालनात तीस-पस्तीस माणसं, हातात सरबताचे पेले, आणि समुद्राकडच्या दोन्ही खिडक्या सताड उघड्या. संचालक मधोमध उभे राहून भाषण करत होते. संगीत आणि समुद्र हे कसे एकच, असा विषय होता. नोंदयंत्राची लेखणी एकोणऐंशीवर होती. खिडक्या बारा वाजता उघडल्या होत्या.

सगळ्यावर पाणी फिरलं. पंधरा दिवसांत तीस दिवस बसवता येत नाहीत, त्याला विज्ञान शिकावं लागत नाही.

पाहुणे गेल्यावर संचालकांनी तिला खोलीत बोलावलं. ते रागावले नव्हते, उलट समजुतीच्या सुरात बोलत होते. त्यांनी समितीचं पत्र काढून शेवटच्या पानावरचं कलम दाखवलं: एखाद्या कर्मचाऱ्याच्या हातून नकळत चूक झाली असेल, तर तो एक दिवस मोजणीतून वगळता येईल. मग पहारेकऱ्याने खिडकी उघडी टाकली, एवढंच लिहायचं. त्याने ती यापूर्वी उघडलेली आहेच, हे तुम्हीच सांगितलंत ना. आणि तुमचे मामा तयार आहेत, मी विचारलंय.

मामा खरंच तयार होता. रात्री भांडी विसळता विसळता तो म्हणाला, "लिहून टाक. निवृत्तीला दोन महिने उरलेत माझ्या. एक ताशेरा जास्त लागला तर कोण वाचतंय? तुझी पेटी तरी वाचेल."

ती कागद घेऊन बसली. पहारेकऱ्याकडून, एवढा एक शब्द लिहून झाला. पुढचं वाक्य अवघड नव्हतं. ते पूर्ण खोटंही नव्हतं, कारण चाळीस दिवसांत मामाने खिडकी उघडली होतीच. फक्त त्या दिवशी नाही. आणि एका दिवसाची रेघ तिने आज बनवली, तर आधीच्या तेवीस दिवसांच्या रेघेवर उद्या तिने स्वतः तरी का विश्वास ठेवावा? तिने तो कागद बाजूला सारला आणि दुसऱ्यावर लिहिलं की खिडक्या कार्यक्रमासाठी संचालकांच्या सांगण्यावरून, बारा ते तीन उघड्या होत्या.

सकाळी मामाने तो कागद वाचला. "तुझं खरं तुझ्यापाशी ठेव," तो म्हणाला. "तडा त्या लाकडाला जाणार आहे. तुला काय होतंय?"

तिने कागद समितीला पाठवला, आणि त्यानंतर तो तिच्याशी बोलेनासा झाला. घरात जे काही सांगायचं ते तो आईमार्फत सांगायचा. तिला सांग दिवा घालव. तिला सांग किल्ली खुंटीला आहे. ती समोरच बसलेली असायची. आईने चार दिवस निरोप पोचवले आणि पाचव्या दिवशी, मी काय टपाल खातं आहे का, असं म्हणून दोघांपुढे हात टेकले. बंगल्यात संचालकांनी तिच्या नमस्काराला उत्तर देणं सोडलं. एकट्या मावशी पूर्वीसारख्या होत्या, म्हणजे टोमणे मारत होत्या.

समितीचं उत्तर दोन ओळींचं आलं. मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी ट्रक येईल.

ट्रक आला, सोबत चार हमाल आणि समितीचे तपासनीस. तपासनीस दमलेले, भले गृहस्थ होते. त्यांनी नोंदयंत्राचे कागद उलटले, तिची चिठ्ठी वाचली आणि आवाज खाली घेऊन म्हणाले, "तुम्ही पहारेकऱ्याचं नाव घातलं असतंत तर मी तो दिवस वगळून टाकला असता. आम्हालाही हे हलवाहलवीचं काम नकोच असतं हो." हे ऐकून तिला दालनाबाहेर जाऊन भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं. तिने फक्त चष्मा पुसला.

मग हस्तांतराचा अर्ज आला, चार प्रतींत. संचालकांची सही आधीच झाली होती. वाद्यांची देखभाल करणारी म्हणून तिची हवी होती. हमालांनी कापसाच्या गाद्या उलगडल्या होत्या, पेटी आधी घ्यायची असं ठरलं होतं. ती अर्ज वाचू लागली. संचालक म्हणाले, ठराविक मजकूर आहे. ती वाचत राहिली. नववा मुद्दा असा होता: वाद्ये जिथे जाणार, तेथील हवा सलग तीस दिवस मर्यादेत असल्याचे कागद सही करणाराने पाहिले आहेत.

"हे कागद?" तिने विचारलं.

तपासनीसांनी आपली पिशवी उघडली, आत पाहिलं, मिटली. असं आजवर कोणी मागितलेलं नाही, ते म्हणाले. तिने भांडाराला फोन लावायची विनंती केली. त्यांनी व्हरांड्यात जाऊन एक, मग दुसरा, मग तिसरा फोन केला. परतले तेव्हा कपाळ पुसत होते. भांडारातलं नोंदयंत्र दुरुस्तीला गेलं होतं.

"कधीपासून?"

"झाले असतील... आठ महिने."

एका हमालाने गादीवर बसून घेतलं. संचालक म्हणाले, बाई, ही निव्वळ अडवणूक आहे, याचा लेखी खुलासा द्यावा लागेल. ती म्हणाली, देते.

"मग सही कधी कराल?" तपासनीसांनी विचारलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता, नुसती भीती होती, आणि ती भीती, परत गेल्यावर हे ज्यांना सांगायचं त्यांची होती.

"तीस दिवसांची रेघ दाखवा, लगेच करते. मधे मोडली तर पुन्हा एकपासून."

ट्रक रिकामा गेला. तिला काही जिंकल्यासारखं वाटलं नाही. कधीतरी ते यंत्र दुरुस्त होईल, कधीतरी रेघ जमेल, निदान जमली असं कोणीतरी लिहून देईल, आणि ट्रक परत येईल. तोवर तडा दीडवर ठेवायचा, एवढंच तिच्या हातात होतं. टेबलाशी बसून ती खुलासा लिहू लागली. पहिल्या ओळीतच शाई संपली.

मामा दारात येऊन उभा राहिला. आत यावं की नाही, याचा त्याने जरा वेळ विचार केला असावा.

"जेवलीस का?" त्याने विचारलं.

ती नाही म्हणाली, आणि त्याच्याकडे पेन मागितलं.