पंखातलं पेट्रोल

कुमुदिनी कदम पाणीपुरवठ्याच्या नोकरीतून निवृत्त झाल्या तेव्हा त्यांच्या हाताखाली सतरा टाक्या आणि बेचाळीस पंप होते. त्यानंतरची दोन वर्षं दौलतगंजातल्या घरात गच्चीवरच्या एकुलत्या टाकीवर भागवावी लागली. म्हणून एका सकाळी त्यांचे दीर दौलतसिंह कागदाची गुंडाळी घेऊन आले आणि "वहिनी, तुमच्याकडे काम आहे," म्हणाले, तेव्हा त्यांनी चहा ठेवायच्या आधी टेबल मोकळं केलं.

दौलतसिंह हवाई दलात तंत्रज्ञ होते. निवृत्तीनंतर चार वर्षं ते शहराबाहेरच्या पत्र्याच्या शेडमध्ये स्वतःच्या हाताने दोन माणसांचं विमान बांधत होते. सांगाडा झाला होता, पंख लागले होते, इंजिनही बसलं होतं. अडलं होतं ते पेट्रोलपाशी.

"ही मोठी टाकी पायलटच्या पुढे, चाळीस लिटरची," ते कागदावर बोट ठेवून म्हणाले. "इंजिन हिच्यातूनच पितं. दुसरी पंखात, तीस लिटरची. पण आपले पंख खाली आहेत. म्हणजे उडता उडता पंखातलं पेट्रोल वर चढवायला पंप लागणार. पायलट बटण दाबेल, टाकीचा काटा पूर्ण वर गेला की बंद करेल. सिंपल."

"आणि बंद करायला विसरला तर?"

"पायलट विसरत नाही, वहिनी."

"माझे व्हॉल्व्हवाले पण विसरत नव्हते. तरी वर्षातून दोनदा टाकी वाहून रस्त्यात तळं व्हायचं. तुमचं तर पेट्रोल वाहणार, तेही गरम इंजिनाच्या बाजूला."

दौलतसिंहांना ते जरा लागलं. पण कुमुदिनींनी तोवर पेन्सिल उचलली होती. मोठ्या टाकीच्या वरच्या कडेपासून त्यांनी एक जाड नळी काढली आणि ती परत पंखातल्या टाकीत नेऊन सोडली. वर जास्त झालेलं पेट्रोल आपसूक खाली परतेल. पंप तासभर चालू राहिला तरी एक थेंब बाहेर जाणार नाही. मात्र ही परतीची नळी पंपाच्या नळीपेक्षा रुंद हवी.

"आणि पंपाची नळी वरच्या टाकीत तळातून घ्या," त्या म्हणाल्या. "वरून धार पडली की फेस होतो, वाफ होते. उलटं वाहू नये म्हणून मध्ये एकतर्फी झडप बसवू."

चार दिवसांत गच्चीवर सगळं उभं राहिलं. लोखंडी मांडणीवर एक कॅन वर, एक खाली, मध्ये पाटणकर बाजारातून आणलेल्या पारदर्शक नळ्या, पंप, झडप आणि गाडीची बॅटरी. पाणी नीट दिसावं म्हणून कुमुदिनींनी त्यात कपड्यांची नीळ घातली. पंप तासभर चालू ठेवला. निळं पाणी वर चढत होतं, कडेपर्यंत जात होतं आणि जाड नळीतून गुपचूप खाली येत होतं.

"मान गए वहिनी!" दौलतसिंह म्हणाले. पंप बंद करून दोघं जेवायला खाली आले. आमटी-भात झाला, ताक झालं, विमानाला कोणता रंग द्यायचा यावर वाद झाला.

परत वर येऊन पाहतात तो गच्ची निळी. खालचा कॅन भरून वाहत होता आणि वरचा जवळजवळ रिकामा झाला होता.

कुमुदिनींनी झडप खोलून पाहिली. नळी कापताना निघालेला प्लास्टिकचा नखाएवढा तुकडा तिच्यात अडकला होता. झडप मिटलीच नव्हती, आणि तळातून जोडलेल्या नळीने वरचं सगळं पाणी खाली आणलं होतं.

"भाऊजी, हे वर आभाळात झालं असतं तर?"

उत्तर दोघांनाही माहीत होतं. पंखात पेट्रोल गच्च भरलेलं असतं आणि इंजिन कोरडं पडून बंद झालं असतं.

"चूक माझी आहे," कुमुदिनी म्हणाल्या. "हे तुम्ही दुसऱ्या कोणाला तरी दाखवा. पाणी वेगळं, हे वेगळं."

दौलतसिंहांनी कोपऱ्यातला झाडू घेतला आणि निळं पाणी मोरीकडे लोटायला लागले. "वहिनी, डावा पंख मी पहिल्यांदा उलट्या मापाने कापला होता," ते म्हणाले. "दोन महिन्यांचं काम भंगारात गेलं. तुम्हाला सांगितलं नाही, एवढंच."

"कधी?"

"दादांच्या वर्षश्राद्धाच्या आसपास. तुम्ही विचारलं होतं, चेहरा का उतरलाय म्हणून. मी सांगितलं, दाढ दुखतेय."

कुमुदिनींना हसू आवरेना. मग त्या खाली जाऊन पेन्सिल घेऊन आल्या.

आता पंपाची नळी वरच्या टाकीत वरूनच शिरली, आणि तिचं तोंड परतीच्या नळीपेक्षाही उंच, मोकळ्या हवेत राहिलं. पंप थांबला की नळी फार तर हवा ओढेल, पेट्रोल नाही. फेस होऊ नये म्हणून तोंड भिंतीकडे वळवलं, म्हणजे धार भिंतीवरून ओघळत उतरेल. झडप ठेवली, पण तिच्या भरवशावर काहीच ठेवलं नाही, आणि तिच्याआधी जाळी बसवली. नंतरचे आठ दिवस त्यांनी त्या मांडणीचा नुसता छळ केला. ती तिरकी केली, बॅटरी मध्येच काढली, झडप मुद्दाम उघडी ठेवली, परतीची नळी चिमटीत दाबून धरली. नळी दाबल्यावर पाणी वरच्या टाकीत हवा जा-ये करण्यासाठी ठेवलेल्या नळीतून बाहेर आलं, तेव्हा त्या नळीचं तोंड इंजिनाच्या धुरापासून लांब, विमानाच्या पोटाखाली न्यायचं ठरलं. वरचा कॅन पुन्हा रिकामा झाला नाही.

परवानग्यांचे कागद हातात आले तोवर थंडी पडली होती. धावपट्टीवर दिग्विजयसिंह आले. ते निवृत्त वैमानिक, दौलतसिंहांचे जुने ओळखीचे. कुमुदिनींनी त्यांना एकच सांगितलं, "वर स्थिर झालात की पंप दहा मिनिटं बंद ठेवा आणि काटा बघा."

पिवळं विमान उठलं. चाळीस मिनिटं दौलतसिंह एका जागी उभे राहिले नाहीत. कुमुदिनी खुर्चीत बसून होत्या, पण स्वेटरची बटणं त्यांनी तीनदा चुकीची लावली.

दिग्विजयसिंह उतरले तेव्हा हसतच होते. "बढिया आहे! एकदम शांत."

"दहा मिनिटांत काटा किती उतरला?"

"तीन लिटर."

इंजिन तासाला अठरा लिटर पीत होतं. कुमुदिनींनी मनात भागाकार केला. तीनच. म्हणजे जे गेलं ते फक्त इंजिनाने प्यायलं होतं.

"बरोबर," त्या म्हणाल्या, आणि तेवढ्यात दौलतसिंहांनी वाकून त्यांच्या पायांना हात लावला.

"अहो, उठा भाऊजी, लोक बघतायत."

"बघू देत. बाजूची सीट तुमची, वहिनी. कधी बसताय?"

"आधी पंचवीस तास उडू दे त्याला. मग येते."

दिग्विजयसिंहांनी गाडीतून गजकाचा, तीळ-गुळाच्या कुरकुरीत वड्यांचा, डबा काढला. विमानाच्या पंखावर हात ठेवून कुमुदिनींनी एक तुकडा तोंडात टाकला. ऊन चांगलं तापलं होतं.