आईने लांडग्याची माफी मागितली

माझ्या आईने भर गर्दीत एका माणसाचा कान फाडला, आणि त्यात तिची काडीचीही चूक नव्हती. चूक माझी होती. आज मी एकोणऐंशी वर्षांचा आहे, तरी हे लिहिताना मान वर होत नाही.

मी व्यावसायिक कुस्तीत पंच होतो. परदेशी पैलवानांचा सांभाळही आमच्याकडे पंचाच्याच गळ्यात असे. त्यांचं जेवणखाण, दवाखाना, रुसवेफुगवे, सगळं मीच बघायचो. हे परदेशी खलनायक आणि आमचे गुणी जपानी पैलवान एका बसमध्ये बसत नसत, एका ठिकाणी मुक्कामाला उतरत नसत. लोकांनी त्यांना एकत्र हसताना पाहिलं की धंद्याची माती झालीच म्हणून समजा. सगळी नुरा कुस्ती, कोण पडणार ते आधी ठरलेलं. पण हे घरच्यांनाही सांगायचं नाही, असा दंडक होता. मी तो आईच्या बाबतीतही पाळला. नुसता पाळला नाही, वर तिखटमीठ लावलं.

‘मॅनिटोबाचा लांडगा’ हा आमचा सगळ्यात मोठा पाहुणा. खरं नाव ऑर्विल, माणूस कॅनडाचा. रिंगमध्ये तो गळ्यातली साखळी चावत यायचा, आणि मुक्कामावर चष्मा लावून बायकोला चार-चार पानी पत्रं लिहायचा. सापोरोला मी तापाने फणफणलो, तेव्हा त्याने दोन दिवस माझ्या कपाळावर गार पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या. आणि मी आईला काय सांगायचो? तो कच्चं मांस खातो, पोरांना जिन्यावरून ढकलून देतो, माझ्या अंगावर थुंकतो. आई टीव्हीसमोर बसून दातओठ खायची. आपला लेक रोज वाघाच्या पिंजऱ्यात शिरतो, असं तिला वाटे. तिला तसं वाटणं मला आवडायचं, खोटं कशाला बोलू.

एकोणीसशे बाहत्तरच्या मे महिन्यात दौरा माझ्या गावी, नागाओकाला आला. आईला मी तिसऱ्या रांगेत बसवलं. ऑर्विलने ठरल्याप्रमाणे मला उचलून दोरांवरून बाहेर फेकलं आणि तो गुरगुरत लोकांत शिरला. लोक खुर्च्या पाडत पळाले. आई पळाली नाही. तिने पायातली लाकडी चप्पल काढली आणि तिच्या कडेने त्याच्या कानावर हाणली, एकदा नव्हे, तीनदा.

“माझ्या पोराला हात लावतोस काय रे, मेल्या.”

ऑर्विलने हात उचलला नाही. प्रेक्षकाला बोट लावायचं नाही, हा त्याचा नियम होता. नऊ टाके पडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घरी जेवायला गेलो, तर आईचा रुबाब काही विचारू नका. शेजारीण वर्तमानपत्र घेऊन आली होती: ‘म्हातारीने लांडग्याला लोळवलं’. शेजारीण गेल्यावर मी म्हणालो, “आई, तो चांगला माणूस आहे गं.”

“कोण?”

“लांडगा.”

“डोक्यावर पडलास काल. म्हणून असं बोलतोस.”

“पडलो नाही. तो उचलतो, मी उडी मारतो. ठरलेलं असतं आमचं.”

“आणि ते कच्चं मांस?”

“मीच रचलं.”

मग मी उरलंसुरलंही ओकून टाकलं. “तू दर वर्षी बांबूच्या पानांत बांधून डांगो पाठवतेस ना, ते गोड गोळे निम्म्याहून जास्त तोच संपवतो. आईला सांग, फार छान झालेत, असं दर वेळी म्हणतो.”

“आणि तू कधी सांगितलं नाहीस.”

“नाही.”

ती उठून चुलीपाशी गेली. दोन तासांनी आली ती समारंभाचा काळा किमोनो नेसून, हातात कापडात बांधलेला डबा घेऊन.

“चल. माफी मागायचीय.”

“मागच्या दाराने जाऊ, आई. पुढे फोटोवाले असतील.”

“मारलं चारचौघांत, आणि माफी मागच्या दाराने? हे तुझ्या धंद्यात चालत असेल.”

मुक्कामाच्या दारात तीन फोटोवाले उभेच होते. ऑर्विल डोक्याला पट्टी बांधून बसकडे निघाला होता. आई त्याच्यासमोर जमिनीवर बसली, फरशीला कपाळ टेकवलं, आणि मग दोन्ही हातांनी डबा वर धरला.

“बाबा, माफ कर मला. मला माहीत नव्हतं.”

नऊ वर्षं येत होता तो आमच्याकडे. तेवढं जपानी त्याला कळलं. त्याचा चेहरा सैल पडला. तो एवढा मोठा देह घेऊन वाकला, आणि त्याने दोन्ही हात पुढे केले. कॅमेरे वर गेले.

रिंगमध्ये आमची एक खूण होती. पंचाने डोक्यावरून हात फिरवला, की ‘लोक बघतायत, सांभाळ.’ मी डोक्यावरून हात फिरवला. विचार करून फिरवला, असंही नाही. फोटो छापून आला तर लांडगा संपला, त्याच्याबरोबर मीही संपलो, एवढंच मनात आलं.

ऑर्विलने डब्याला लाथ मारली. डबा भिंतीवर आपटला, हिरवी पानं सगळीकडे पांगली. तो दात विचकून आईच्या तोंडावर गुरगुरला आणि निघून गेला. फोटो झकास आला. पुढच्या मुक्कामी, निईगाताला, त्या आठवड्यात खुर्च्या पुरल्या नाहीत, लोक उभ्याने कुस्ती बघत होते, आणि कंपनीने माझी पाठ थोपटली. ऑर्विल पुढे सहा वर्षं येत राहिला, पण माझ्या ताटाशेजारी कधी बसला नाही.

आईने एकेक डांगो वेचून डबा बांधलेल्या त्या कापडात भरला. मला हात लावू दिला नाही. घरी जाताना मी मागून चालत होतो. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, “आई, त्याचाही नाइलाज असतो गं. तसं वागावंच लागतं त्याला. त्याचं मनावर घेऊ नकोस.”

“त्याचं नाही घेत,” आई म्हणाली. “तो घेत होता रे डबा. मग त्याने तुझ्याकडे बघितलं.”