बजरंगच्या ओट्यावर माय

आज सकाळीबी माय बजरंगच्याच ओट्यावर. सुपात तूर घिऊन निवडून राहिली, अन् बजरंगची बायको राजकन्या तिला चहा दिऊन राहिली. माज्या अंगाचा तिळपापड झाला.

आमच्या गल्लीत आधी समदी माळवदं होती. मातीची सपाट छतं, एकाला एक लागून. वरच्या वर ह्या घरातून त्या घरात जाता यायचं. मग समोरच्या बजरंगचं पोरगं लातूरला नोकरीला लागलं. बजरंगनं माळवद पाडलं, स्लॅब टाकला, वरून गुलाबी रंग मारला. सकाळी दार उघडलं की ते गुलाबी डोळ्यात. लोकं आमचा पत्ता सांगताना 'बजरंगच्या बंगल्यासमोर' म्हणाय लागले. तीन पिढ्याचं आमचं घर, अन् ते बजरंगसमोरचं झालं. मला अन्न गोड लागंना.

मग मीबी माळवद पाडलं. वीरण्णा गवंड्याला पहिल्याच दिवशी सांगितलं, जोतं बजरंगपेक्षा कंबरभर उंच पायजे. बायको सिंधु म्हणली, मायचे गुडघे गेलेत, एवढ्या पायऱ्या ती कशी चढंल. तिला गप केलं. म्हणलं, बजरंगनं मान वर करून बघितलं पायजे.

बघितलं की त्यानं. वास्तुशांतीला आला, पोटभर जेवला, लई चांगलं बांधलंस म्हणून गेला. जळलाच न्हाई. त्याचंच मला जास्त लागलं.

मायला दोघांनी धरून वर नेलं. दुसऱ्या दिवशी कशीबशी उतरली, पण चढणं काही जमंना. गल्लीतले समदे ओटे बांधकामात गेले. बजरंगनं तेवढा आपला जुना, गुडघ्याएवढा ओटा तसाच ठिवलेला. माय दिवसभर तिथंच. सांजच्याला उचलून आणावं लागतंय.

आज मात्र मी तणतणत गेलो. बजरंग म्हणला, बस वैजनाथ. मी बसलो न्हाई.

"माय, घरी चल. एवढं मोठं घर बांधलं अन् तू लोकाच्या दारात बसून राहिलीस. मला कमीपणा येतो."

मायनं खडा येचून बाजूला टाकला.

"हितून लई चांगलं दिसतंय रं तुजं घर," ती म्हणली. "त्याच्यासाठीच बांधलंस न्हवं?"

बजरंग हसला न्हाई. हसला असता तर भांडता आलं असतं. राजकन्येनं माज्यापुढंबी कप ठिवला. चहा चांगला झाला होता, त्याचाबी मला राग आला.