काचेवरचा पोलीस

सत्तावन्न सालच्या निवडणुकीत सरकारनं जलालुद्दीनची मोटार तीन दिवसांसाठी ताब्यात घेतली, तेव्हा त्याचं तोंड उतरलं होतं. धान घरात आलं होतं, माणसं मोकळी झाली होती, सोयरेधायरे एकमेकांकडे जायला लागले होते. धानटोला ते मूल गाव अशा रोजच्या दोन खेपा भरून जाण्याचे ते दिवस. पण तहसिलीचा माणूस कागद घेऊन आला की नाही म्हणता येत नाही. धानटोल्यात मोटार अशी एकच होती आणि ती जलालुद्दीनची होती. मूळची ती कुण्या जंगलसाहेबाची. साहेब विलायतेला निघाला तेव्हा एका ठेकेदारानं घेतली, आणि ठेकेदार कंटाळला तेव्हा जलालुद्दीननं. दांडा फिरवल्याशिवाय ती सुरू होत नसे आणि उतार लागल्याशिवाय पळत नसे.

तीन दिवस त्यानं शिपाई आणि मतपेट्या वाहिल्या. पहिल्याच दिवशी तहसिलीतल्या कारकुनानं मोटारीच्या पुढच्या काचेवर वीतभर कागद चिकटवला. वर छापील, ठसठशीत लाल अक्षरांत ‘पोलीस’, आणि खाली जांभळ्या शाईच्या शिक्क्यानं ‘निवडणूक बंदोबस्त’ आणि तारीख. कारकुनाजवळची खळ संपली होती, म्हणून त्यानं धावड्याचा डिंक वापरला. मतदान झालं, मोटार सुटली, तेव्हा कारकून म्हणाला, “तो कागद फाडून टाकजो, जलालुद्दीन.”

जलालुद्दीननं नखानं खरवडून पाहिलं. धावड्याचा डिंक नखाला दाद देईना. उद्या गरम पाण्यानं काढू म्हणून तो घरी गेला.

दुसऱ्या दिवशी मूलचा बाजार होता. मोटारीत सहा माणसं बसवायची परवानगी होती आणि जलालुद्दीन अकरा बसवत असे. सगळ्यांना ते ठाऊक होतं. साजटोल्याचा नाका दिसायला लागला की पाच जण आपणहून उतरत, बांधाबांधानं चालत जात आणि नाक्यापलीकडे पुन्हा बसत. त्या दिवशी मात्र पाच जण उतरायच्या आधीच झाडू नावाच्या नाकेदारानं आडवं लाकूड वर केलं. नुसतं वर केलं नाही, तर एका हातानं दोरी धरून दुसऱ्या हातानं सलाम ठोकला. जलालुद्दीनचा पाय ब्रेकवर जायला निघाला होता, तो तिथंच थांबला. मोटार अकरा माणसांसकट नाक्यातून निघून गेली.

संध्याकाळी घरी आला तर बायकोनं, कनीजनं, चुलीवरून बादलीभर पाणी उतरवून ठेवलेलं होतं.

“हे पानी कागदासाठी हाये,” ती म्हणाली.

“कागदाले काय घाई हाये?” असं म्हणून जलालुद्दीननं त्या पाण्यानं आंघोळ केली.

पुढं महिनाभर त्याचे दिवस फार सुखाचे गेले. चैताच्या उन्हानं शिक्क्याची जांभळी शाई आधी फिकी झाली, मग गेलीच. छापील लाल अक्षरं तेवढी राहिली. आता मोटारीवर निवडणूक नव्हती, तारीख नव्हती, नुसता पोलीस होता. मूलच्या बाजारात मोटार कुठंही उभी केली तरी कुणी हटकत नव्हतं. चहावाला आधी त्याच्यापुढं कप ठेवी, मग बाकीच्यांपुढं. भर रस्त्यात आडवी उभी असलेली एखाद्याची रेंगी, बैलांची छोटी गाडी, त्याचा भोंगा ऐकताच बैलांसकट शेताच्या धुऱ्यावर चढे. जलालुद्दीननं एक खाकी सदरा शिवून घेतला. कनीजनं विचारलं तर म्हणाला, खाकीवर धूळ दिसत नाही. ते खरंच होतं. तो कुणाशी कधी खोटं बोलला नाही. कुणी विचारलंच नाही, आणि न विचारता सांगायची त्याला सवय नव्हती.

विचारलं ते ठाण्याच्या दादाजी हवालदारानं. एका सकाळी तो मोटारीपुढं येऊन उभा राहिला आणि काचेकडे बराच वेळ पाहत राहिला. जलालुद्दीन दार उघडून खाली उतरला.

“हा कागद कोणाचा?”

“निवडणुकीतला हाये, साहेब. निघतच नाई. धावड्याचा डिंक...”

“मंग राहू दे ना,” हवालदार म्हणाला आणि हसला. “म्हंजे मोटार आपलीच हाये.”

त्या ‘आपलीच’ शब्दाचा अर्थ जलालुद्दीनला आठवड्याभरात कळला. सोमवारी हवालदाराची बायको दोन लेकरं आणि तांदळाचं पोतं घेऊन माहेरी गेली. तिच्यासाठी पाच गिऱ्हाइकं फाट्यावरच उभी राहिली. गुरुवारी ती परत आली, ते बहिणीला घेऊन. मग कोर्टाचे कागद जायला लागले, शिपाई जायला लागले, शिपायांच्या सासुरवाडीची कोंबडी जायला लागली. कुणी भाडं काढलं नाही आणि जलालुद्दीननं मागितलं नाही. आपल्याच मोटारीत बसणाऱ्याकडून भाडं कसं मागावं, हे त्याला सुचेना.

आणि मग एका दुपारी विहिरीत सापडलेलं प्रेत मूलच्या दवाखान्यात न्यायचं निघालं. जलालुद्दीन म्हणाला, साहेब, उद्या या मोटारीत नवरी बसायची आहे. हवालदार म्हणाला, सरकारी काम आहे. प्रेत मागच्या सीटवर आडवं करून नेलं. कनीजनं रात्रभर सीट धुतली, लोबान जाळला. तरी नवरी आली नाही, रेंगीनं गेली. गावात सगळ्यांना ते कळलं आणि पुढच्या बाजारी मोटारीत चारच माणसं होती.

पण जलालुद्दीनला खरं लागलं ते दुसरंच. मोहाची फुलं वेचून येणाऱ्या बायका मोटार पाहिली की रस्ता सोडून झाडीत शिरायच्या, टोपलीसकट. चहाच्या टपरीवर तो गेला की चाललेलं बोलणं एकदम पिकापाण्यावर यायचं. एकदा मुखरू म्हातारा मोटारीत आपल्या भावकीतल्या भांडणाचं सांगत होता. सांगता सांगता त्याची नजर काचेवर गेली. त्यानं तोंड मिटलं ते मूल येईपर्यंत उघडलं नाही.

“लोक मले चुगलखोर समजून राह्यले,” जलालुद्दीन रात्रीच्या जेवणाला बसताना म्हणाला.

“खाकी सदरा काढून पाहा,” कनीज म्हणाली.

सदरा त्यानं काढला. कागदाला हात लावायची मात्र आता भीती वाटायला लागली होती. हवालदारानं ‘राहू दे’ म्हटलेला कागद काढला तर तो काय म्हणेल? महिनाभरापूर्वी जो कागद ठेवणं गुन्हा होता, तो आता काढणं गुन्हा झाला होता.

वैशाख लागायच्या सुमारास लटारूला पकडलं. लटारू हा धानटोल्याचाच, चार एकर धानाची शेती असलेला साधा माणूस. पोरीचं लग्न ठरलं होतं, पाहुणे येणार म्हणून त्यानं घराचं छप्पर नवं केलं होतं. त्यासाठी जंगलातून सागाच्या सहा बल्ल्या आणल्या होत्या, परवानगी न घेता. आदल्या आठवड्यात मूलला जाताना तो जलालुद्दीनच्या शेजारीच बसला होता आणि सगळं हौसेनं सांगत होता. छप्पर कसं केलं, बल्ल्या कशा सरळ मिळाल्या, मांडव केवढा घालणार. जलालुद्दीन नुसता हं हं करत होता.

आता तो मागच्या सीटवर बसला होता, एका शिपायाच्या हाताला बांधलेला. पुढं जलालुद्दीनशेजारी दादाजी हवालदार होता. लटारूची बायको शकुबाई मोटारीच्या दाराशी उभी होती. ती रडत नव्हती.

“जलालभाऊ,” ती म्हणाली, “तुमच्या सलीमाच्या टायमाले मीच आली होती ना जी बाळंतपणाले?”

“हो, बाई.”

“मंग आमाले एक सबद सांगतला असता. बल्ल्या आमी वापस नेऊन टाकल्या असत्या.”

“बाई, मी कोनाले काई बोललो नाई.”

“कोनाले बोलायचं काय काम हाये?” शकुबाईनं काचेकडे बोट केलं. “तुमीच तर पोलीस.”

जलालुद्दीननं काचेकडे पाहिलं. हवालदारानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि मागं वळून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “चाल, जलालुद्दीन. आपला मानूस हाये हा, मोठा कामाचा.”

खरं तर बल्ल्या कुणी सांगितल्याच नव्हत्या. लटारूचं घर रस्त्याला लागून होतं आणि नव्या सागाचं छप्पर कोसभरावरून झळकत होतं. जंगलगार्ड सायकलवरून जाताना थांबला आणि त्यानं मोजलं, एवढंच. पण ते त्या दिवशी जलालुद्दीनलाही ठाऊक नव्हतं.

साजटोल्याला झाडूनं लाकूड वर केलं, सलाम केला. मागून लटारूचा आवाज आला, रागाचा नव्हे, नवल वाटल्यासारखा.

“तुले कोनी इचारत बी नाई, भाऊ.”

मूलच्या कोर्टापाशी लटारूला उतरवलं.

परत आल्यावर जलालुद्दीन जेवला नाही. त्यानं स्वतः पाणी तापवलं, चिंध्या भिजवून काचेवर दाबून धरल्या, चाकूच्या पात्यानं कागद खरवडायला घेतला. कनीजनं चिंच आणि राख आणून दिली. कागद तुकड्यातुकड्यानं निघाला, आधी ‘स’, मग ‘ली’. ‘पो’ फार वेळ बसून राहिला. दिवस मावळेपर्यंत काच मोकळी झाली आणि जलालुद्दीनच्या दोन बोटांची सालं गेली.

सकाळी तो न बोलावता ठाण्यात गेला.

“साहेब, कागद मी काढला.”

हवालदार दाढी करत होता. “काऊन?”

“मोटार माझी हाये, साहेब. आपली नाई.”

हे वाक्य त्यानं रात्रभर घोकलं होतं, तरी म्हणताना आवाज चिरकला. हवालदारानं वस्तरा थांबवला, आरशातूनच त्याच्याकडे पाहिलं.

“मंग आजपासून सहाच मानसं बसवजो,” तो म्हणाला आणि पुढचा गाल करायला लागला.

त्या दिवशी नाक्यावर लाकूड आडवंच होतं. झाडू मोटारीभोवती एक फेरी घालून आला. आत चार माणसं होती, मोजायला काही नव्हतंच. तरी तो खिडकीशी वाकला आणि आवाज खाली करून म्हणाला, “भाऊ, काडलं का तुमाले?”

“काय?”

“कागद दिसत नाई म्हनून इचारलं. हवालदाराशी बिनसलं म्हनतात.”

“मीच काडला कागद.”

“असंच सांगाचं, भाऊ,” झाडू म्हणाला आणि कळवळ्यानं लाकूड उचललं.

मोटारीतल्या चौघांनी ते ऐकलं. संध्याकाळपर्यंत धानटोल्यात, आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत पार सावली गावच्या बाजारात पसरलं की जलालुद्दीनची पोलिसातली नोकरी गेली. का गेली, तर लटारूला धरायला गेले तेव्हा तो हवालदाराशी भांडला. मोटार देत नाही म्हणाला. भर ठाण्यात जाऊन काचेवरचा पोलीस फाडून हवालदाराच्या अंगावर टाकला. बोटांची सालं गेलेली सगळ्यांनी पाहिली होती. ती कशानं गेली याबद्दल मात्र दोन मतं होती.

माणसं घरी यायला लागली. ओट्यावर बसत, बिडी ओढत, आणि घरात कुणी गेल्यासारखं हळू बोलत. मुखरू म्हातारा तर कोहळा घेऊन आला. “सरकारी नोकरी, बाप्पा,” तो म्हणाला, “पुन्हा भेटत नाई.” जलालुद्दीन पहिल्या दिवशी प्रत्येकाला समजावत बसला की मी कधी पोलिसात नव्हतोच. ऐकणारा मान हलवी, आणि जाताना कनीजला सांगे, त्याले जपजा, मनाले लावून घेतलं त्यानं.

पंधरा दिवसांनी लटारू दंड भरून सुटला. मूलच्या कोर्टाबाहेर जलालुद्दीन मोटार घेऊन उभा होता. लटारू आपणहून येऊन त्याच्या शेजारी बसला. गाव सुटल्यावर जलालुद्दीननं मोटार एका मोहाच्या झाडाखाली थांबवली आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं. कारकून, डिंक, झाडूचा सलाम, खाकी सदरा, आंघोळीचं पाणीसुद्धा. आपण कधी पोलीस नव्हतो आणि कुणासाठी भांडलोही नाही, हे त्यानं दोनदा सांगितलं.

शेवटी लटारू म्हणाला, “शकूनं सांगतलं होतं मले. भाऊ आपल्या उपकाराचं नाव घेऊ देनार नाई.”

“उपकार नाई, लटारू. जे झालं ते सांगून राह्यलो.”

“हो, भाऊ,” लटारू म्हणाला आणि त्यानं जलालुद्दीनच्या गुडघ्यावर हात ठेवला. “चाला आता. पोर वाट पाहत असन.”

घरी कनीजनं विचारलं, “सांगतलं?”

“सांगतलं.”

“मंग?”

“लग्नाचं आवतण देल्लं त्यानं.”

लग्नाला दोघंही गेली. शकुबाईनं कनीजला आत नेलं. जलालुद्दीनला लटारूनं हाताला धरून नेलं आणि पाटलाच्या शेजारी, सतरंजीवर बसवलं. नवरदेवाकडचा एक म्हातारा, धानोऱ्याच्या बाजूचा, त्याच्याकडे मघापासून आदरानं पाहत होता. पंगत उठल्यावर तो सरकून जवळ आला.

“ठाण्यात किती वर्सं होते जी तुमी?”

जलालुद्दीननं त्याच्याकडे पाहिलं. पलीकडे पाटील कान देऊन बसला होता. लटारू पाणी घेऊन उभा होता, तो हसऱ्या तोंडानं थांबला. सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायचं म्हटलं तर रात्र झाली असती, आणि मांडवात सगळी माणसं खुशीत होती.

“जास्त नाई,” जलालुद्दीन म्हणाला.

“आन् पेन्शन?”

“पाहू,” तो म्हणाला आणि सुपारी घ्यायला हात पुढं केला.