आजीवन पट्टा

दगडावर नावं कोरता कोरता थोरलीचे केस पिकायला लागले होते आणि 'अमर' या शब्दाचा तिला वीट आला होता. माणूस मेलं की लोकांना एकदम भरजरी शब्द आठवतात. जिवंतपणी ज्याला कुणी चहाला विचारलं नाही, तो गेल्यावर अजरामर होतो, चिरंतन होतो, अविनाशी होतो. थोरली मनातल्या मनात हसायची आणि मुकाट्यानं छिन्नी चालवायची. गिऱ्हाईक म्हणेल ते कोरायचं, धंदा आहे.

पण या खेपेला मेला होता तिचा सख्खा धाकटा भाऊ, आणि गिऱ्हाईक होती त्याचा जीव घेणारी कंपनी.

धाकटा उंच इमारतींच्या काचा पुसायचा. कमरेला पट्टा, पट्टा गच्चीवरून सोडलेल्या दोराला अडकवलेला, आणि दिवसभर हवेत लटकून फडकं मारायचं. एका सकाळी पट्टा तुटला. पट्ट्यावर बनवणाऱ्यानं 'आजीवन' असा शिक्का मारला होता आणि कंपनीनं तेवढंच वाचलं होतं. पट्टा झिजला, कडेनं विरला, तरी उत्तर ठरलेलं. "आजीवन आहे ना तो? मग बदलायचा कशाला?"

धाकटा गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात कंपनीचे साहेब थोरलीच्या कारखान्यात आले. दगडाचा चुरा बुटांना लागू नये म्हणून जपून पावलं टाकत होते.

"ताई, गेटवर त्याच्या नावाचा दगड बसवायचाय. म्हटलं, घरचंच काम आहे, तुमच्याच हातून व्हावं. मजकूर असा ठरलाय. 'आपल्या सेवेने अमर झाला.' छान आहे ना?"

थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "झाला? आपण होऊन झाला का तो? तुम्ही केलात त्याला अमर."

"आईंशी बोलणं झालंय आमचं. त्यांची संमती आहे," साहेब म्हणाले आणि घाईनं निघून गेले.

घरी पोचल्या पोचल्या ती आईवर बरसली. आई खिडकीशी बसून पिशवीला बंद लावत होती. आईनं उभा जन्म पिशव्या शिवल्या होत्या. मुलगा गेला त्याच्या चौथ्या दिवशी ती पुन्हा सुई घेऊन बसली, याचाही थोरलीला राग होता. सगळ्याचाच राग होता.

"तू हो म्हणालीस? त्यांनी मारलं त्याला, आई!"

"लिहितायत चांगलं, तर लिहू दे."

"पट्ट्याचं काय? तो कुठं लिहायचा?"

"तुझा राग तुझ्यापाशी ठेव," आई म्हणाली. तिनं वर पाहिलं नाही. "मला नको आता काही."

थोरलीनं रागारागानं ताट सरकवलं आणि जेवलीच नाही. आईनं तिला जेवायला एकदाही म्हटलं नाही, हे मात्र तिला नवीन होतं.

थोरलीनं दात-ओठ खात ती ओळ खडूनं दगडावर आखली. तिच्या कारखान्यात एक पद्धत होती. आखलेला मजकूर मेलेल्याच्या सगळ्यात जवळच्या माणसानं मोठ्यानं वाचायचा, मगच छिन्नी लावायची. रडणारं माणूस डोळ्यांनी वाचतं तेव्हा कशालाही मान डोलावतं, पण तोंडानं वाचताना खोटं घशात अडकतं. वाचणाऱ्याच्या मधे कुणी बोलायचं नाही, कोरणारीनंही नाही. साहेबांना हे कळलं तेव्हा त्यांना फार आवडलं. ते कॅमेरा घेऊन आले.

आई दगडासमोर उभी राहिली. धाकट्याचं नाव तिनं नीट वाचलं. मग, "आपल्या सेवेने…" आणि थांबली. थोरली ओठ घट्ट मिटून उभी होती.

"आपल्या सेवेने अ…" आईनं पुन्हा सुरुवात केली. तिसऱ्यांदाही शब्द बाहेर पडेना.

"सावकाश, आई," साहेब म्हणाले. "भावना अनावर होतात."

"भावना गेल्या खड्ड्यात," आई म्हणाली. जन्मात कधी तिनं असा आवाज चढवला नव्हता. "पट्टा मी शिवला होता."

थोरली पुढं झाली. "काय?"

"उसवला होता. हे कंपनीवाले बदलून देईनात. म्हणाला, आई, चार टाके घाल. मी मेणाच्या दोऱ्यानं दुहेरी शिवला. दवाखान्यात पट्टा पाहिला मी. माझी शिवण शाबूत होती. शिवणीशेजारी पट्टाच सडलेला, तिथं तुटला. पण मी शिवला नसता, तर त्या दिवशी पोरगा वर चढला नसता." मग तिनं साहेबांकडे बोट केलं. "आणि हे घरी येऊन मला म्हणाले, घरी शिवलेला पट्टा वापरला ही त्याचीच चूक. ते चारचौघांत सांगायचं, की अमर लिहायचं? तुम्हीच ठरवा, म्हणाले. म्हणून गुळणी धरून बसले होते मी."

"मला का नाही सांगितलंस?" थोरली ओरडली. तिला आईचाही राग आला, आणि त्या माणसाला तिथंच हातोडा हाणावासा वाटला. "इतके दिवस एकटीनं गिळलंस हे?"

 आईनं पदर पाण्याच्या बादलीत बुडवला आणि दगडावरची ओळ पुसून टाकली.

"आता आख. पट्टा सडला होता. कंपनीनं बदलला नाही. आईनं शिवला."

साहेबांचा चेहरा पडला. "आमच्या गेटवर हे लागणार नाही. आणि यात तुमचीच बदनामी आहे, आई."

"असू दे. बाकीची पोरं अजून त्याच पट्ट्यांना लटकतायत. ती वाचतील."

"माझ्या दारात लावीन मी," थोरली म्हणाली. "दगड माझा, रस्ता सगळ्यांचा. निघा आता."

साहेब गेले. थोरलीनं आखलं, आईनं न अडखळता वाचलं. छिन्नी बसली. सडलेला पट्टा एका दमात कोरून झाला, कंपनीही झाली. रागाला हात चांगला चालतो. शेवटच्या ओळीपाशी मात्र ती थांबली. तिनं हातोडी खाली ठेवली.

"ही ओळ राहू दे, आई. मला नाही जमत."

आईनं हातोडी उचलून तिच्या हातात दिली.

"मार," ती म्हणाली. "आणि खोल मार."